मागून आलेली हाक

वहिनीने किटलीतला चहा ओतायला घेतला तेव्हा धार कपाच्या बाहेर पडली आणि बशीत उतरली. तिने किटली तशीच धरली आणि दुसऱ्या हाताने कपच धारेखाली सरकवला, जणू चहा असाच ओततात. मग बशीतला चहा बेसिनमध्ये टाकून बशी धुतली, पुसली, आणि कप टिचकीसमोर ठेवला.

टिचकी हॉटेलच्या त्या अरुंद खोलीत पलंगाच्या कडेला बसून रॅकेटच्या मुठीला नवी पट्टी गुंडाळत होती. तिने सगळे पाहिले होते. तरी तिने मान वर केली नाही. पट्टीचा शेवट अंगठ्याने दाबून धरत ती म्हणाली की चहा छान झालाय, आणि मग लक्षात आले की आपण अजून घोट घेतलेलाच नाही. वहिनीच्याही ते लक्षात आले असावे.

त्या दिवशी त्यांचा उपांत्यपूर्व फेरीचा सामना होता.

टेनिसच्या महिला दुहेरी स्पर्धांमधून ही जोडी इतकी वर्षे खेळत होती की तिकडे सगळेच थोरलीला वहिनी म्हणत. पंच, प्रतिस्पर्धी, रॅकेटला तारा ओढून देणारा कारागीर, सगळे. नात्याने मात्र ती एकट्या टिचकीची वहिनी होती, तिच्या दादाची बायको. 'टिचकी' हे नावही दादाचेच. जाळीजवळ उभी राहून, अंगठ्याने खडा उडवावा तसा चेंडू अलगद पलीकडे टाकायची तिची सवय पाहून त्याने ते ठेवले होते आणि पुढे खरे नाव फक्त कागदोपत्री उरले. दोघींना त्यानेच शिकवले, त्यानेच एकत्र उभे केले. नणंद आणि भावजय एका बाजूने खेळतात हे पाहून सुरुवातीला लोक हसत. एकदा बक्षीस समारंभात कोणीतरी म्हणाले होते की या दोघींच्या मध्ये जाळी बांधायला विसरलात काय. दादाने उत्तर दिले होते, "जाळी घरी बांधली आहे. इथे सुट्टी असते."

घरीही तशी जाळी नव्हतीच. लग्नानंतर पहिले काही महिने टिचकी वहिनीला अहो-जाहो करत असे. मग कोर्टवर एक अडचण आली. डोक्यावरून उंच चेंडू गेला की पुढचीने मागचीला सांगायचे असते, आणि टिचकी सांगायची, "तुमचा!" दादा कपाळाला हात लावायचा. "तुमचा म्हणेपर्यंत चेंडू दोन टप्पे खाऊन गावाला जातो. 'तुझा' म्हण." आईला ते रुचले नव्हते. कोर्टवरचे कोर्टवर ठेवा, असे तिने बजावले होते. पण शब्द एकदा आखूड झाला की तो पुन्हा लांब होत नाही. तो तसाच घरात आला आणि जेवणाच्या टेबलाशी बसला.

कोर्टवर हाकांचे नियम दादाने ठरवले होते, आणि त्यातला सगळ्यात कडक नियम एका शब्दाचा होता. टिचकी पुढे, जाळीपाशी. वहिनी मागे, शेवटच्या रेषेवर. समोरून जोरात आलेला चेंडू पुढचीच्या खांद्यापर्यंत येतो तेव्हा तिला त्याचा फक्त वेग कळतो. तो पुढे जाऊन कुठे पडणार, आत की बाहेर, हे मागची ओळखते. बाहेर जाणार असेल तर मागून हाक येते, "सोड." ती आली की पुढचीने विचार करायचा नाही. चेंडू कितीही सोपा वाटो, समोरचे कोर्ट कितीही मोकळे असो, हात खाली. "चेंडू एक, हाक एक," दादा म्हणायचा, "वाद घालायचा असेल तर घरी." टिचकीने तो नियम इतका अंगात मुरवून घेतला होता की घरात आईने कुणाला 'सोड ते' म्हटले तरी तिचा हात नकळत खाली येई, आणि सगळे हसत.

दादा जाऊन वर्ष होऊन गेले होते. नेहमीप्रमाणे सकाळी चेंडूंची टोपली घेऊन तो सरावाला गेला आणि दुपारी दवाखान्यातून त्याचे बूट तेवढे घरी आले. त्यानंतर काही दिवसांनी वहिनीचा भाऊ तिला न्यायला आला होता. चांगला, सौम्य माणूस. काही वावगे बोलला नाही. एवढेच म्हणाला की आता इथे तुझे काय आहे. आई स्वयंपाकघरात होती, टिचकी दारात. वहिनीने त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. मग म्हणाली, "माझी जोडी आहे इथे."

भाऊ परत गेला. त्या संध्याकाळी भांडी आवरताना आई टिचकीला हळूच म्हणाली होती, "तुम्ही खेळताय तोवर ती या घरात आहे. एवढं ध्यानात ठेव." आईच्या बोलण्यात हिशेब नव्हता, भीती होती. मुलगा गेल्यावर सून आपली राहील कशी, हे तिला कळत नव्हते, आणि हाती लागलेला एकच धागा तिने लेकीच्या हाती दिला होता.

हाका चुकू लागल्या त्या गेल्या काही महिन्यांत. आधी सरावात. 'सोड' अशी हाक यायची, टिचकी हात खाली घ्यायची आणि चेंडू मागे रेषेच्या चांगला आत पडायचा. पहिल्यांदा दोघी हसल्या. मग सामन्यांत होऊ लागले, आणि हसणे थांबले. टिचकीने स्वतःलाच कारणे दिली. वहिनीची झोप नीट होत नाही, दुःखात माणसाचे लक्ष कुठे ठिकाणावर असते. पण पाहायचे नाही असे ठरवले तरी दिसतच होते. खोलीची किल्ली वहिनी हल्ली दोनदा कुलपाशेजारी टेकवायची, मग बोटाने भोक चाचपून आत घालायची. पायऱ्या उतरताना कठडा सोडत नसे. टिचकी उजव्या बाजूने चालू लागली की ती काहीतरी निमित्त काढून तिला डावीकडे घ्यायची. पिशवीत डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली होती; विचारल्यावर कोर्टवरची धूळ जाते म्हणाली.

शेवटी टिचकीने फिजिओला विचारले. ही फिजिओ म्हणजे जोडीबरोबर अनेक स्पर्धांना येणारी, अंगाने भरलेली, तोंडाने फटकळ बाई. तिने टिचकीची मांडी चेपता चेपता सगळे ऐकून घेतले आणि हात थांबवून सांगितले की एका डोळ्याने अंतर कळत नाही. खात्री हवी असेल तर एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून बघ. आणि तू तिला लवकर सांग. हार-जीत राहू दे; पण ज्या बाजूचे दिसत नाही त्या बाजूने चेंडू आला आणि उरलेल्या डोळ्यावर बसला तर मग काय करणार आहात? टिचकीने तिला विनवले की ही एक स्पर्धा होऊ द्या, मग घरी नेऊन मी स्वतः सांगते. फिजिओने नाखुशीने मान हलवली. ती काहीतरी बोलायच्या बेतात होती, पण बोलली नाही.

सांगायचे म्हणजे काय सांगायचे, याच्यापाशी टिचकी रोज अडत होती. तुला दिसत नाही, हे वाक्य तोंडातून बाहेर पडले की त्यामागचे वाक्य आपोआप बाहेर पडणार होते, ते म्हणजे आता जोडी नाही. आणि जोडी नाही म्हणजे काय, ते वहिनीने आपल्या भावाला सांगून ठेवले होते.

म्हणून तिने आपल्या परीने एक मार्ग काढला. चेंडू येताना ती पूर्वीसारखी झेपावेनाशी झाली. रॅकेट जरा खाली धरून अर्धा क्षण थांबायची. हाक आली तर हाकेला मान द्यायचा, नाही आली तर मारायचा. वहिनीच्या हाकेला पुरेसा वेळ मिळावा, घाईने तिची चूक होऊ नये, एवढाच तिचा विचार होता. पण घडत होते उलटेच. ती जितकी थांबे तितक्या चुकीच्या हाका वाढत होत्या. हे असे का, ते तिला उलगडत नव्हते.

उपांत्यपूर्व सामन्यातही तेच झाले. दुसऱ्या सेटच्या मध्यावर 'सोड' अशी हाक आली, टिचकीचा हात खाली गेला आणि चेंडू रेषेच्या आत पडला. पलीकडच्या दोघींनी एकमेकींकडे आश्चर्याने पाहिले; इतका सोपा चेंडू कोणी सोडत नाही. बाजू बदलताना बाकावर बसल्यावर वहिनीने टॉवेलने तोंड पुसत विचारले की जरा आत होता का. टिचकी म्हणाली, अगदी बारीकसा, रेषेला शिवून गेला.

"मला बाहेर वाटला."

"मलाही. त्या रेषेवरच्या पंच बाईलाच चष्म्याची गरज आहे."

बोलून झाल्यावर तिला आपण काय बोललो ते कळले. वहिनीने टॉवेल तोंडावरून काढला नाही. पंचांनी वेळ संपल्याचे सांगेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग उठून म्हणाली, "चल. तिला चष्मा मिळेपर्यंत आपण खेळून घेऊ."

तो सामना त्यांनी जिंकला, आणि त्याचे श्रेय वहिनीच्या सर्व्हिसला होते. सर्व्हिस करताना चेंडू स्वतःच्याच हाताने वर फेकायचा असतो. तो कुठे असेल हे तिच्या हाताला न पाहताही माहीत होते. समोरून आलेल्या चेंडूंपैकी कितीतरी ती केवळ जुन्या अनुभवावर, आवाजावरून आणि प्रतिस्पर्ध्याच्या उभे राहण्यावरून परत करत असावी. हे टिचकीला त्या दिवशी प्रथमच नीट जाणवले आणि तिला अभिमान वाटावा की रडावे ते समजेना. रात्री आईचा फोन आला. आईने नेहमीचेच विचारले: जेवलात का, वहिनी कशी आहे. टिचकी म्हणाली, मस्त आहे. पलीकडच्या पलंगावर वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती जागी होती.

उपांत्य सामना मुख्य कोर्टवर होता. समोर दोन उंच मुली, त्यांतली एक डावरी, आणि तिचा फटका मध्येच खाली वाकून पडणारा. पहिला सेट वहिनी-टिचकीने घेतला, दुसरा त्या दोघींनी. दुहेरीत मग तिसरा सेट खेळवत नाहीत. दहा गुणांचा टायब्रेक होतो आणि त्यात सगळे ठरते. उन्हे कलली होती. कोर्टच्या अर्ध्या भागावर प्रेक्षागृहाची सावली आली होती, आणि चेंडू उजेडातून सावलीत येताना क्षणभर कुणालाही दिसेनासा होत होता.

गुण वरखाली होत राहिले आणि शेवटी ही जोडी एका गुणाने पुढे आली. हा गुण मिळाला की अंतिम फेरी. वहिनीने सर्व्हिस केली. डावरीने ती परत केली. वहिनीने लांब फटका मारला. आणि डावरीने सगळा जोर लावून तो टिचकीच्या दिशेने परतवला. चेंडू खांद्याच्या उंचीवर आला. टिचकीने सवयीने रॅकेट खाली धरली आणि थांबली. चेंडूला पुढे गिरकी होती, तो वाकणार होता, मागे हातभर आत पडणार होता, हे तिला दिसत होते.

"सोड," मागून हाक आली.

तिचा हात उठला.

तिने तो उचलला असे म्हणता येणार नाही. इतक्या वर्षांत जो हात त्या शब्दाला कधी उलटला नव्हता, तो त्या क्षणी तिला न विचारता वर गेला. दोन उंच मुलींच्या मधून चेंडू टिचकीसरशी पलीकडे पडला आणि तिथेच मेला. पंचांनी सामना संपल्याचे सांगितले. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

टिचकी मागे वळायला घाबरत होती. वळली तेव्हा वहिनी हसत पुढे येत होती. प्रत्येक जिंकलेल्या गुणानंतर त्या दोघी रॅकेटला रॅकेट टेकवत. वहिनीने रॅकेट पुढे केली. ती टिचकीच्या रॅकेटच्या शेजारून हवेतून गेली. वहिनीने ती पुन्हा आणली नाही. तिने टिचकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी हस्तांदोलनासाठी जाळीकडे गेल्या.

कपडे बदलायच्या खोलीत त्या वेळी दुसरे कोणी नव्हते. लांब लाकडी बाक, ओल्या टॉवेलांची टोपली, न्हाणीतून ठिबकणारे पाणी. वहिनीने बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट शेजारी शेजारी नीट ठेवले आणि मग विचारले, "आत होता ना?"

"हो."

"किती?"

"हातभर."

वहिनीने मान हलवली. "मग बरोबर केलंस."

टिचकीने काही बोलण्यासाठी तोंड उघडले, पण वहिनीने तिला थांबवले. तुला कधीपासून माहीत आहे, असे तिने विचारले. टिचकीने खरे ते सांगितले: चहा, किल्ली, पायऱ्या, फिजिओ. फिजिओचे नाव ऐकून वहिनीला हसू आले. तिने सांगितले की फिजिओला तर आपण स्वतःच सांगितले होते, महिन्यांपूर्वी, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्यावर. आणि टिचकीला कळू देऊ नको म्हणून बजावले होते. म्हणजे ती बिचारी दोघींची गुपिते एकाच पोटात घेऊन फिरत होती.

"तरीच पोट सुटलंय तिचं," वहिनी म्हणाली.

टिचकीला हसू आले नाही. तिने विचारले की दिसत नव्हते तर हाका कशाच्या जोरावर मारत होतीस.

"तुझ्या."

"माझ्या?"

"तुझा खांदा बघत होते. चेंडू जाळी ओलांडून आला की मला त्याचं काही खरं दिसत नाही गं. पण तू दिसतेस. तुला सोडायचा असला की तुझा उजवा खांदा आधीच पडतो, पहिल्यापासून. तुझा दादा म्हणायचा, ही हाक यायच्या आधीच ऐकते. खांदा पडला की मी 'सोड' म्हणायचे. ठरवायचीस तूच. मी नुसता आवाज."

टिचकीने आपल्याच उजव्या खांद्यावर हात ठेवला. "पण मी ठरवत नव्हते, वहिनी. मी तुझ्या हाकेसाठी थांबत होते. थांबताना रॅकेट खाली येते, म्हणून खांदा..."

तिला पुढे बोलावे लागले नाही. वहिनीच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरत गेले. एकीने दुसरीला वेळ द्यावा म्हणून थांबायचे. दुसरीने त्या थांबण्यालाच उत्तर समजून हाक द्यायची. आणि पहिलीने ती हाक मानायची.

"म्हणजे मी तुझं ऐकत होते," वहिनी म्हणाली, "आणि तू माझं."

"आणि चेंडू आत पडत होता."

"बिचारा. कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं."

मग दोघीही हसल्या. बाकावर वाकून, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आणि ते पाणी हसणे थांबल्यावरही थांबले नाही. वहिनी आपला उजवा डोळा पालथ्या हाताने पुसत होती. त्या डोळ्याला आता तेवढेच काम उरले होते.

टिचकी म्हणाली की आपण जागा बदलू, मी मागे येते, तू पुढे जाळीपाशी ये. हाका मी मारीन. वहिनीने तो विचार आपणही कितीदा केल्याचे सांगितले. जाळीपाशी चेंडू तोंडावर येतो, आणि एक डोळा शाबूत आहे तो तरी राखायला हवा, असे डॉक्टरांनी स्पष्ट बजावले होते. गेलेला डोळा परत येणार नव्हता.

"मग मागेच राहा. मी बघते ना माझं मी. तू नुसती रहा."

वहिनीने बूट पिशवीत ठेवले. "आज तू ऐकलं नाहीस," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. "ते बरोबरच होतं, नाहीतर गुण गेला असता. पण हाक मारायची आणि मग तू ऐकतेस का ते बघत उभं राहायचं, हे मला नाही जमायचं. त्यापेक्षा हाक नको."

टिचकीने अंतिम सामना न खेळता घरी जाऊ या असे सुचवले. वहिनीने पिशवीची चेन ओढली. "चेंडू सोड म्हणाले होते. सामना नाही."

अंतिम सामना दोघी एकही हाक न देता खेळल्या. वहिनीने हाक दिली नाही आणि टिचकीने वाट पाहिली नाही. ज्या कोर्टवर 'माझा', 'तुझा', 'बदल', 'सोड' यांचा सतत गलबला असायचा तिथे फक्त बुटांचा आणि चेंडूंचा आवाज होता. टिचकी सापडेल ते मारत होती. मागचा अर्धा भाग तिला पाठीतले डोळे गेल्यासारखा अनोळखी झाला होता. एकदा एक उंच चेंडू तिच्या डोक्यावरून गेला आणि ती सवयीने मागे वळली. वहिनी चेंडूखाली उभी होती, मान वर, तोंड उघडे. मग तिने तोंड मिटले. चेंडू तिच्या पुढ्यात पडून उसळला, तिने रॅकेट फिरवली, ती चेंडूला लागलीच नाही. प्रेक्षकांतून 'अरेरे' असा आवाज आला. दोन्ही सेट झटपट गेले.

उपविजेत्यांची तबके घेऊन बाहेर येताना मागे दोन खेळाडू बोलत होत्या. आज एकमेकींशी एक शब्द नाही, पाहिलंस ना, एक म्हणाली. आणि दुसरी म्हणाली, शेवटी काय, नणंद-भावजयच. टिचकीने मागे वळून पाहिले नाही. सांगण्यासारखे काही नव्हते, आणि ऐकणाऱ्याला पटण्यासारखे तर त्याहून नव्हते.

घरी पोहोचल्यावर वहिनीनेच आईला सगळे सांगितले. आई तिच्या चेहऱ्याला दोन्ही हात लावून आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्या डोळ्यात पाहत राहिली. काहीच फरक दिसत नाही गं, असे पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. काही दिवसांनी वहिनीचा भाऊ आला. त्याच्या शहरात डोळ्यांचे मोठे रुग्णालय होते. उरलेल्या डोळ्यावर तिथे नियमित लक्ष ठेवता येईल, हे सगळ्यांनाच पटण्यासारखे होते. दोन-तीन महिने राहून येते, वहिनी म्हणाली. या वेळी तिच्या भावाने इथे तुझे काय आहे असे विचारले नाही.

ती निघाली तेव्हा तिच्या बॅगेत कपडे होते, दादाचा एक स्वेटर होता. रॅकेटा तिने कपाटात होत्या तशाच ठेवल्या. ते पाहून आईला धीर आला. गाडी वळणापलीकडे गेल्यावर ती टिचकीला म्हणाली, "येणार बघ ती. सगळ्या रॅकेटा इथेच आहेत तिच्या." टिचकी म्हणाली, "हो ना." खेळाडू गावाला जाताना रॅकेट बरोबर नेतो आणि खेळ संपला की मागे ठेवतो, हे तिने आईला सांगितले नाही.

वहिनीचा फोन येत राहिला. डोळा स्थिर आहे म्हणाली. भावाच्या मुलांना शिकवते म्हणाली. बोलणी आखूड होत गेली. दोन-तीन महिन्यांचा विषय पुढे कुणीच काढला नाही.

हिवाळ्यात टिचकीने नवी जोडीदार घेतली. वयाने लहान, पायांनी चपळ, नजर अशी की मागच्या रेषेवरचा खडूचा कणही दिसावा. पहिल्याच सरावाच्या दिवशी समोरून जोरात चेंडू आला आणि मागून स्वच्छ, तरुण आवाजात हाक आली, "सोड."

टिचकीचा हात खाली गेला. चेंडू चांगला बाहेर पडला. हाक अगदी बरोबर होती.

तिने रॅकेट बगलेत धरली. मग चालत मागे गेली. त्या मुलीला वाटले की आपले काही चुकले. टिचकीने चुकले नसल्याचे सांगितले. फक्त दुसरा कुठलाही शब्द वापर, 'जाऊ दे' म्हण, 'बाहेर' म्हण, तुला सुचेल तो.

"का? 'सोड' सोपा आहे की. पटकन येतो तोंडात."

"येतो ना," टिचकी म्हणाली. "पण तो आमच्या घरातला आहे."

मुलीला काही कळले नाही, पण तिने बरे म्हटले आणि ती आपल्या रेषेवर गेली. टिचकी जाळीपाशी परतली. समोरून पुढचा चेंडू येत होता. तिने उजवा खांदा मुद्दाम वर धरला आणि उभी राहिली.